खरवड

शनिवार-रविवार, दहा ते तीन.
माणशी चोवीस डॉलर नव्व्याण्णव सेंट,
पाच वर्षांखालची मुलं फुकट,
आणि मिसरूड फुटायला आलेली पोरंही
इथे दारात पाच वर्षांखालचीच असतात.
शिकागोत मार्च म्हणजे अजून बर्फ.
खुंटीवर कोटांवर कोट, काचांवर वाफ,
वाफेमागे मी, यादिरा,
रिकामे ट्रे उचलणारी, भरलेले ठेवणारी.

लोक मधूनच उकरतात.
चार वर्षांत मला एवढं एक नक्की कळलंय.
बार्बाकोआचा लुसलुशीत भाग पंधरा मिनिटांत गायब,
निवडुंगाची भाजी मात्र दुपारपर्यंत तशीच,
लग्न न ठरलेल्या आतेबहिणीसारखी कोपऱ्यात.
मेनूदोच्या पातेल्याशी रात्रीची उतरवायला आलेली पोरं,
डोळे तांबारलेले, लिंबू पिळताना हात कापतोय.
चर्चमधून थेट आलेल्या बाया
त्यांच्याकडे बघून नाकं मुरडतात
आणि त्याच पातेल्यातलं दोन-दोन वाडगे नेतात.

आज आई आलीय.
साकातेकासहून, जन्मातल्या पहिल्या विमानाने.
सात नंबरच्या टेबलाशी बसलीय,
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
म्हटलं, ऊठ, घे ना.
म्हणाली, घेते.

अकराला बघितलं, पुढ्यात कोरी बशी.
साडेअकराला तीच बशी,
फक्त आता रुमालाने पुसून लख्ख.
बाराला निकानोरने तिच्या टेबलाशी येऊन
फुकट एक धून वाजवली ट्रम्पेटवर,
तिने मान डोलावली, पर्स सोडली नाही.
म्हटलं, आवडलं नाही का काही?
तिने हनुवटीनेच रांग दाखवली:
होऊ दे की सगळ्यांचं.

हातात अंड्यांचा ट्रे होता, चटके बसत होते,
तरी मी तिथेच उभी.
आम्ही सात भावंडं, बाप, दोन काका,
आणि चुलीशी पाठ करून शेवटी
उभ्याउभ्याच काहीतरी तोंडात टाकणारी ही.
ही रांग संपायची वाट बघत होती.
आई, ही रांग संपत नसते.
जेवून उठलेलाच परत शेवटी जाऊन उभा राहतो.
इथे वाढणारं कुणी नाही,
त्यामुळे पुरे म्हणायचीही कुणाला गरज नाही.
हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, बरं.

एकदा तिने विचारलं, ते लाल काय आहे?
चिलाकिलेस.
कालच्या तोर्तियांचे?
कालच्याच.
आणि त्याचे हे लोक पंचवीस डॉलर देतात?
हसली. तोंडावर हात दाबूनही मावेना इतकी,
शेजारच्या टेबलावरचं बाळ दचकून
तिच्याकडे बघून हसायला लागलं.

तीन वाजता मी ट्रेखालच्या निळ्या ज्योती
एकेक झाकण ठेवून विझवल्या.
उरलेलं काळ्या पिशवीत, असा नियम.
पिशवी उघडेपर्यंत आई उठून आली होती,
बाह्या सारलेल्या, हातात चमचा,
चिलाकिलेसच्या ट्रेचा कोपरा खरवडत. खर्र. खर्र.
कडेला धरलेली, काळपट, कुरकुरीत.
रोसेन्दो, आमचा मॅनेजर, वही घेऊन आला,
नियम सांगायला तोंड उघडलं त्याने
आणि आईने विचारलं, जेवलास का रे?

नव्हता जेवला. कुणीच नव्हतो.
भांडी घासणारा एवारिस्तो हात पुसत आला,
निकानोरने ट्रम्पेट खुर्चीवर निजवला.
सात नंबरचं टेबल अपुरं पडलं, आठ नंबर जोडलं.
ती वाढत गेली, आम्ही खात गेलो.
निवडुंगाची भाजीसुद्धा संपली.
रोसेन्दो म्हणाला, त्या पलीकडच्या कोपऱ्यात
अजून थोडी खरवड दिसतेय.

मग माझं लक्ष त्या लख्ख बशीकडे गेलं.
चमचा तिच्या हातून ओढून घेतला,
खांदे धरून बसवलं तिला,
आणि वाढायला लागले.
पुरे म्हणालीस की थांबते, म्हटलं.

पर्स मांडीवर घेऊन बसली. बशीकडे बघत राहिली.
पुरे म्हणेना.